शेंडे खाणारी कोकरं

माझ्या भावाला, मिमूनला, मातीआड करून बावीस दिवस झाले. तिसऱ्या दिवशी घरी बायका जमल्या होत्या. कुसकुसचं ताट रिकामं झालं आणि हातावर पाणी घेता घेता एक जण म्हणाली, "कुरणचोर होता, पण माणूस चांगला होता बिचारा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. "हो गं, चुका कुणाच्या हातून होत नाहीत," असंही कुणी तरी म्हणालं. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तेवीस वर्षांपूर्वीही फुटला नव्हता. आता मात्र सांगते, कारण ज्याला लाज वाटायची तो गेला आणि जिला वाटायला हवी होती ती अजून दोन वेळा जेवते आहे.

मिमून माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. जन्मापासून सावकाश. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा, आणि जेवायला बसला की आई म्हणायची, "हा उठेपर्यंत पुढच्या वर्षीचे जव पिकतील." एकेक घास असा चावायचा की समोरच्याची भूक मरावी. वडिलांनी त्याला लवकरच मेंढरांमागे धाडून दिला. विशीत असताना चुलत्याच्या आग्रहानं तो खाली मैदानात संत्र्यांच्या बागेत कामाला गेला आणि एकोणिसाव्या दिवशी परत आला. आईनं विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "तिथे मेंढरं ट्रकमधून येतात आणि पोत्यातलं खातात. मग माणसानं दिवसभर बघायचं काय?"

बघणं हाच त्याचा धंदा. आमच्या इमिझार गावात मेंढरं सगळेच राखतात, पण राखणारा बघतो ते लांडग्याकडे, ढगाकडे, नाही तर पलीकडच्या टेकडीवरच्या पोरीकडे. मिमून कोकरांच्या तोंडाकडे बघायचा. मेंढ्यांकडे नाही, कोकरांकडेच. म्हणायचा, "मेंढी सवयीनं खाते, तिचं खरं मानू नये. कोकराला अजून सवय लागलेली नसते." गवत भरपूर असलं की कोकरू तोंडभर घास घेतं, मान वर करून चावतं, इकडेतिकडे बघतं, उगीच चार उड्या मारतं आणि मग पुन्हा खाली वाकतं. ऊन डोक्यावर यायच्या आत त्याचं पोट भरतं, ते अंग टाकतं आणि रवंथ करत बसतं. तेच रान फार मेंढरांनी चरून काढलं, की घास बारीक होतात, भराभर होतात आणि मान वर येईनाशी होते. पावलोपावली चालत खावं लागतं. उड्या आधी बंद होतात, बसणं त्यानंतर. "खेळ थांबला की आठ दिवस उरले, दुपारचं बसणं थांबलं की चार. पुढे जे खातात ते गवत नसतं," असा त्याचा हिशेब. तो चुकलेला मी पाहिला नव्हता.

म्हणून तर सलग चार वर्षं त्यालाच गवताचा मुखिया केला. वसंताच्या तोंडावर वरचं कुरण, आमचं अग्दाल, बंद करतात. गवताला फुलू द्यायचं, बी झडू द्यायचं, आणि मग ठरलेल्या एका पहाटे गावातली सगळी मेंढरं एकदम आत सोडायची. तोवर कुणी आत गेलं तर त्याचा न्याय गवताचा मुखिया करतो. मशिदीसमोर पंच त्याच्या फेट्यात हिरव्या गवताची जुडी खोवतात. रीत अशी की दर वर्षी फेटा, म्हणजे माणूस, बदलावा. पण मिमूनच्या शब्दावर गावातल्या तिन्ही भावक्यांचा विश्वास, तेव्हा पंचांचा म्होरक्या म्हातारा हम्मू दर वर्षी तीच थट्टा करायचा, "कुठे नवा फेटा शोधा, याच्यावर गवत आपोआप उगवतं."

त्या वर्षी डोंगरावर बर्फ बसलंच नाही. पडायचं आणि दुपारी उतरून जायचं. अग्दालमधलं गवत उशिरा आलं, आणि उघडायची तारीख जवळ आली तेव्हा मिमून वर जाऊन आला आणि बाजाराच्या दिवशी त्यानं सांगितलं, "अजून पंधरा दिवस बंद. तुऱ्यात दाणा भरलेला नाही. आत्ता चरलं तर पुढच्या वर्षी उघडायला काही उरणार नाही."

गलका झाला. हम्मू म्हणाला, "अरे बाबा, बाहेर टेकडीवर काय राहिलंय? दगड?"

"दगड राहिलेत, मला दिसतंय," मिमून म्हणाला. "माझीही वीस कोकरं त्याच टेकडीवर आहेत."

खरं होतं ते. टेकडी चरून चरून बरड झाली होती. मेंढ्यांची आचळं आटली. कोकरं अडीच-तीन महिन्यांची, दुधावरून गवतावर यायची वेळ, आणि गवतच नाही. सकाळी सोडली की संध्याकाळपर्यंत ती जमिनीला नाक लावून चालतच असायची. खुरटी मुळं ओरबाडायची, आणि मुळांबरोबर जे येईल ते गिळायची.

माझी अकरा कोकरं होती. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझं सगळं त्या अकरांवर होतं. ईदच्या आधी ती विकली तर वर्षभराचे जव, साखर, चहा आणि लेकीचं लग्न. माझी एका डोळ्यानं आंधळी म्हातारी मेंढी तर दुधाला आलेल्या कोकराला लाथ मारू लागली. पंधरातल्या तिसऱ्या दिवशी एक कोकरू उठेना, त्याला मी मांडीवर घेऊन ताक पाजलं. त्या दिवशी मी भावाचा खूप राग केला. न्याय करणारा भाऊ दुसऱ्यांना असावा, आपल्याला नसावा, असं मला वाटलं. तेच मी अजूनही म्हणेन, फक्त आता त्याच्या बाजूनं.

मी कपडे धुते तो ओहळ अग्दालच्या खालच्या दगडी गडग्याला लागून येतो. तिथे एका ठिकाणी गडगा ढासळून घळ झाली आहे. माणूस गडगा चढून जाईल, मोठी मेंढी घळीत अडकेल, कोकरू सहज जाईल. मिमून दुपारच्या नमाजानंतर वरच्या टोकाला जायचा हे मला ठाऊक होतं. त्याची भाकरी मीच कित्येकदा पोचवली होती. मी मेंढ्या घरी बांधून ठेवल्या आणि नुसती कोकरं घेऊन गेले, वर धुण्याची टोपली डोक्यावर. कोकराचा खूर उमटत नाही, लेंडी सशाची वाटते, आणि तोंडात गवत असलं की ते ओरडत नाही. मी काही बावळट नव्हते.

पहिल्या दिवशी ती आत शिरल्याबरोबर गडग्यापाशीच तुटून पडली. डोकी खाली, कान मागे, चावायचीसुद्धा शुद्ध नाही. दुसऱ्या दिवशी थोडी पुढे गेली. तिसऱ्या दिवसापासून नखरे सुरू झाले. गडग्याजवळच्या राठ गवताला तोंडही लावीनात. सरळ घळीच्या वरच्या ओल्या सपाटीवर जायचं, जिथे पांढऱ्या फुलांचं तिपानी गवत होतं, आणि तिथे फक्त शेंडे खुडायचे. एक शेंडा, मान वर, चावणं, दुसरा शेंडा. अर्ध्या तासात पोटं भरायची आणि उड्या मारत परत. मला हसू आलं होतं, हे कबूल करते. किती तरी दिवसांनी मी हसले होते.

भीती नंतर वाटली. ही कोकरं बाहेर टेकडीवर गेली तर तिथल्या खुरट्याला शिवणार नाहीत, उभी राहतील, लवकर बसतील, आणि मिमून लांबून एका नजरेत ओळखेल. म्हणून मी त्यांना दिवसभर मेंढवाड्यात कोंडू लागले. कुणी विचारलं तर म्हणायची, "हगवण लागलीय त्यांना, बाहेर काढत नाही." मिमूननं स्वतः एकदा विचारलं, "तुदे, कोकरं कशी आहेत गं?"

"तुझ्या पंधरा दिवसांत जशी व्हायची तशी," मी फणकारले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, हनिया वहिनीनं, आणून दिलं एक पोतं भुसा. स्वतःच्या कोकरांच्या तोंडचा. तो मी घेतला.

पंधरातल्या नवव्या दिवशी मिमूनला ती सपाटी दिसली. तिपानीचे शेंडे गेलेले, देठ उभे. ससा देठ तिरका कापतो, मेंढी बुडापासून ओढते. नुसते शेंडे खुडणारं तोंड कोकराचं, आणि तेही पोट भरलेल्या कोकराचं. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. गावात अशी कोकरं कुणाची आहेत, हे बघायला तो टेकडीसमोरच्या खडकावर जाऊन बसला. भरलेली कोकरं सकाळीच बसतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आणि त्याला दिसली ती झायदची कोकरं.

झायदचा आजा दक्षिणेकडून विहिरी खणायला आला आणि इथेच राहिला. तीन पिढ्या झाल्या, तरी गावात त्यांना अजून पाहुणे म्हणतात, आणि पाहुण्याला मिळतं ते टेकडीचं सगळ्यात खालचं, सगळ्यात चरलेलं टोक. झायदची अठरा कोकरं तिथे होती. ऊन वर यायच्या आत त्यातली सात-आठ बसलेली. मिमून खाली उतरला, एकेक पोट हातानं दाबून पाहिलं. पोटं टम्म होती. कुरण बंद, टेकडी उजाड, आणि कोकरांची पोटं टम्म. त्यानं दुसऱ्यांदा दाबून पाहिलं.

"झायद, यांनी काय खाल्लंय?"

"इथलंच," झायद म्हणाला. "आणि काय खातील?"

"इथे काही नाही."

"मग तेच खाल्लंय."

मिमूनला ती टवाळी वाटली. टवाळी नव्हती ती.

पंच अक्रोडाच्या झाडाखाली बसले. नाकबूल करणाऱ्यानं पीराच्या कबरीवर हात ठेवून शपथ घ्यायची, आणि त्याच्या रक्ताच्या दहा पुरुषांनी त्याच्या मागून तीच शपथ घ्यायची, ही आमची रीत. दहात एक कमी पडला तर शपथ पडली. झायदकडे एक म्हातारा चुलता होता आणि एक मेहुणा, तोही रक्ताचा नव्हे. झायदनं चौफेर बघितलं. सगळ्यांना ठाऊक होतं की तो माणसं कुठून आणणार. तरी हम्मूनं विचारलंच, "दहा आहेत का रे?"

"दोन आहेत, हम्मूबाबा. आठ तुम्ही द्या उसने."

काही जण हसले. मिमून हसला नाही. त्यानं न्याय सांगितला: एक मेंढी कापून पंचांना जेवण, आणि अग्दाल उघडल्यावर झायदची मेंढरं दहा दिवस बाहेर. जेवणाचं कुणाला काही नव्हतं. मेंढी गेली तर गेली. पण ते दहा दिवस ऐकून झायदचा चेहरा बदलला. टेकडीवर आणखी सोळा-सतरा दिवस म्हणजे ती कोकरं जगणार नव्हती. हे झायदला कळलं, मिमूनला कळलं, आणि मलाही कळलं. मी बायकांत उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथे हाताच्या अंतरावर.

बोलावंसं वाटलं नाही असं नाही. शब्द ओठांवर आले. पण गवताच्या मुखियाची बहीण चोर निघाली, तर त्याची अब्रू काय राहील, असं मी मनाला सांगितलं. भावाच्या इज्जतीची काळजी मला नेमकी तेव्हाच आठवली. खरं कारण अकरा पायांवर, म्हणजे चव्वेचाळीस पायांवर, माझ्या मेंढवाड्यात उभं होतं.

झायदच्या मेंढीचं कुसकुस मीच शिजवलं. पंचांचं जेवण दर वेळी दोघी-तिघी विधवा रांधतात, माझी पाळी होती. सलगम घातले, हळद घातली, आणि बायकांच्या ताटात मांस आलं तेव्हा खाल्लंही. चव लागली. हे सांगायला नको होतं, पण लागली.

अग्दाल उघडायला चार दिवस उरले असताना झायदचं पहिलं कोकरू मेलं. तो ते खांद्यावर टाकून मिमूनच्या दारात आला. मी तिथेच होते, वहिनीबरोबर लोकर पिंजत. झायदनं कोकरू उंबऱ्यावर ठेवलं, सुरी काढली आणि एक शब्द न बोलता पोट फाडलं.

आत माती होती. ओली, काळी, मुठीत घेऊन भिंत लिंपावी अशी. तिच्यात खडे, लोकरीचे पुंजके आणि मुळांचे दोन-चार धागे. हिरवं म्हणून काही नाही.

"बघ," झायद म्हणाला. "तुला दाबून कळलं नाही, म्हणून उघडून आणलंय. मिमून, हे इथलंच आहे बघ. तू विचारलं होतंस ना?"

मिमून खाली बसला. त्यानं ती माती बोटांत घेतली, चुरली, नाकाशी नेली. मग म्हणाला, "बसली होती ती. रवंथ करत नव्हती. मी पोट बघितलं आणि तोंड बघितलं नाही." हे तो झायदला सांगत नव्हता. आयुष्यभर तोंडच बघत आलेला माणूस, एकदा हातावर भरवसा ठेवला, आणि तिथेच फसला. मला त्याच्याकडे बघवेना. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. मी पिंजत राहिले.

त्याच दुपारी त्यानं पंच बोलावले. "माझा न्याय चुकला," तो उभा राहून म्हणाला. "झायदची कोकरं आत गेली नव्हती. बंदी काढा."

हम्मूनं दाढी खाजवली. "चुकला म्हणतोस. मग सपाटीवरचे शेंडे कुणी खाल्ले? वाऱ्यानं?"

"ते मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणून कसं चालेल? आम्ही मेंढी खाऊन बसलो." लोक हसले. "दिलेला न्याय फिरवायचा तर खरा चोर उभा कर. आजवरची रीत आहे. नाही तर उद्या जो तो मेलेलं कोकरू घेऊन येईल आणि म्हणेल माझा न्याय फिरवा."

"तीन दिवसांत मी शोधीन."

"शोध. तोवर बंदी आहे तशी."

तीन दिवसांत त्यानं काय शोधायचं? मी कोकरं घरात कोंडली होती आणि घळीत काटे टाकले होते. तो टेकडीवर फिरला, दारोदार फिरला. माझ्याही दारात आला. मेंढवाड्याचं दार लोटलेलं होतं. "आजारी आहेत अजून?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्यानं दाराला हात लावला नाही. बहिणीचं दार कशाला उघडायचं. झायदची त्या दिवसांत आणखी तीन कोकरं गेली.

उघडायच्या आदल्या दुपारी पंच पुन्हा बसले. हम्मूनं विचारलं, "सापडला का चोर?"

"सापडला," मिमून म्हणाला.

मी शेजारणीचा हात धरला.

त्यानं फेट्यातली गवताची जुडी काढली. सुकून पिवळी पडली होती. ती हम्मूच्या मांडीवर ठेवली. "माझीच कोकरं होती. दुपारी मी वर असायचो, तेव्हा मीच सोडायचो. झायदच्या नावावर घातलं. आता बंदी माझ्यावर घाला आणि त्याला उद्या सगळ्यांबरोबर आत जाऊ द्या."

मग एकदम सगळे बोलले. "कुंपणच शेत खातंय की!" मागून कुणी ओरडलं. "चार वर्षं याच्या हाती दिलं होतं!" "म्हणून पंधरा दिवस वाढवले होय? आपलं एकट्याचं चरून व्हावं म्हणून!" हम्मूनं जुडी उचलली, उलटसुलट पाहिली. "मिमून," तो म्हणाला, "नीट विचार कर. हे परत फेट्यात जाणार नाही. तुझ्याच नव्हे, तुझ्या मुलाच्याही नाही."

"विचार करायला मला वेळ लागतो, हम्मूबाबा, तुम्हाला ठाऊक आहे. तीन दिवस केलाय."

तो बोलताना थोडा थांबला असता, तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. ते खोटं. तो अगदी सावकाश बोलत होता. माझ्याकडे वेळच वेळ होता.

संध्याकाळी हनिया वहिनी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "आमची कोकरं माझ्या डोळ्यांसमोर होती, तुदाबाई. सकाळ-संध्याकाळ. मी मोजून आत घेते. हा माणूस खोटं का बोलला?"

"झायदसाठी असेल," मी म्हणाले.

"झायदसाठी बोलला ते कळतं. पण कुणी तरी खाल्लंच ना गवत? तो कोण, जो हे ऐकून घरी जाऊन झोपेल?"

"मला काय ठाऊक, वहिनी."

ती जायला उठली. मग म्हणाली, "भुशाचं पोतं रिकामं झालं असेल तर दे परत. आता आम्हाला लागेल." मी दिलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. तिनं ते उचलून पाहिलं आणि घेऊन गेली.

पहाटे उजाडायच्या सुमाराला सगळं गाव गडग्यापाशी जमलं. नव्या मुखियानं दार काढलं आणि मेंढरांचा लोंढा आत घुसला. झायदची चौदा कोकरं पहिल्या रांगेत होती. त्यानं त्यांना आधी सुका पाला खाऊ घातला होता, ओल्या गवतानं पोटं फुगू नयेत म्हणून. हे त्याला आदल्या रात्री घरी जाऊन मिमूननंच बजावलं होतं, असं पुढे कळलं. आत शिरताच गावची सगळी कोकरं, शे-दोनशे असतील, गडग्याशीच तुटून पडली. राठ, कोवळं, काही न बघता. नाकं जमिनीत, माना वर येईनात. दातांचा आवाज नुसता.

माझी अकरा मी दोन दिवस उपाशी ठेवली होती. इतरांसारखी खावीत म्हणून. मला वाटलं होतं, भूक सगळ्यांना सारखं करते.

ती गडग्याशी थांबलीच नाहीत. सगळ्या वाकलेल्या पाठींमधून वाट काढत, एकामागून एक, ती सरळ घळीच्या वरच्या सपाटीवर गेली. तिथे जाऊन शेंडे खुडू लागली. एक शेंडा, मान वर, चावणं, दुसरा शेंडा. लोकांचं लक्ष आपापल्या जनावरांवर होतं. कुणाला काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी कळणारा माणूस गावात एकच होता.

तो गडग्याच्या बाहेर उभा होता, आपली वीस कोकरं मागे घेऊन. त्याला आत यायची बंदी होती, पण बघायची नव्हती. मी वळले तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, सपाटीकडे बघत होता. किती तरी वेळ. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला मी. मला राग हवा होता. तो दिसला असता तर मी तिथेच गुडघे टेकले असते, निदान आज तरी असं वाटतं.

मी गडग्याजवळ गेले. मध्ये कमरेएवढे दगड. तो हळू आवाजात म्हणाला, "तुदे, शेंडे निवडून खायला शिकायला त्यांना किती दिवस लागले?"

खोचून नाही विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तीन दिवस, दादा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "मला वाटलं होतं, पाच तरी लागत असतील." मग काठी उचलून त्यानं आपली कोकरं वळवली आणि तो उजाड टेकडीकडे निघाला. त्या दहा दिवसांत त्याची सात मेली. माझ्या अकरांना ईदच्या बाजारात सगळ्यांत चांगला भाव आला, आणि लेकीच्या लग्नात वाढायला तोच उभा होता.